घरोघरचा रमजान (लेखांक ३) : दुपारपर्यंतचा रोजा

रोजा कोणावर फर्ज आहे, याचं उत्तर सरळ आहे. वयात आलेल्या, शुद्धीत असलेल्या, तब्येतीने धड असलेल्या आणि प्रवासात नसलेल्या मुसलमानावर. सात वर्षांच्या मुलावर तो फर्ज नाही. पण मागच्या लेखात आपण शाबानच्या २९ तारखेला चंद्र शोधायला गच्चीवर चढलो, तेव्हा सगळ्यात पुढे हीच मंडळी होती. मशिदीतून चंद्र दिसल्याचं जाहीर झालं की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : “अम्मी, मला सहरीला उठवशील ना?”

उठवायचं. याबाबतीत माझं मत पक्कं आहे. स्वयंपाकघरातला दिवा आणि कपबशांचा आवाज यांनी मूल तसंही जागं झालेलं असतं, आणि आपल्याला वगळून घरात काहीतरी चाललंय हे त्याला कळत असतं. त्याच्यापुढे दूध-फेणीचा वाडगा ठेवला आणि सकाळी आठ वाजता त्याने शाळेचा डबाही संपवला, तर काही बिघडत नाही. फक्त हे रोज करू नये. सहा ते बारा वर्षांच्या मुलाला रात्रीची नऊ ते बारा तास झोप लागते. तरावीहनंतर साडेदहाला आडवं झालेलं आणि पावणेपाचला उठवलेलं मूल पहिल्या तासालाच पेंगतं. शनिवार-रविवारची सहरी त्याची, असं ठरवून टाकलं की भांडण मिटतं.

सहरी झाली की पुढचा हट्ट रोज्याचा. त्यासाठी आपल्या आज्यांनी, दाद्या-नान्यांनी फार पूर्वीच तोड काढून ठेवली आहे. चिडीचा रोजा म्हणजे सहरी खाऊन जोहरच्या अजानपर्यंत काही खायचं नाही, मग जेवायचं, आणि वाटलं तर तिथून मगरिबपर्यंत दुसरा. असे दोन अर्धे मिळून एक पूर्ण, हा हिशेब मुलं स्वतःच मांडतात आणि मोठ्यांनी त्यात चूक काढू नये. त्याहून धमाल म्हणजे एका दाढेचा रोजा : डाव्या बाजूने खायचं, उजव्या बाजूला रोजा! तुर्कस्तानातही लहानांच्या अर्ध्या दिवसाच्या रोज्याला वेगळं नाव आहे. प्रेमचंदांच्या ‘ईदगाह’ कथेतल्या पोरांपैकी कुणी एकच रोजा धरलाय, तोही दुपारपर्यंत, आणि कुणी तेवढाही नाही. पण ईदगाहला जायची घाई मात्र सगळ्यात जास्त त्यांनाच. प्रेमचंदांना हे कुठल्या किताबात सापडलं नसेल, गल्लीतच दिसलं असेल.

या लाडाला धर्मात आधार आहे का, असं विचारणारे असतात. आहे, आणि तो मोठा सुंदर आहे. रमजानचे रोजे हिजरी दुसऱ्या वर्षी, म्हणजे इ. स. ६२४ मध्ये फर्ज झाले. त्याआधी मदिनेत आशुराच्या रोज्याचा हुकूम झाला होता, तेव्हाची आठवण रुबय्यी बिन्त मुअव्विज या सहाबियांनी सांगितली आहे आणि ती बुखारी व मुस्लिम या दोन्ही हदीससंग्रहांत आहे. त्या सांगतात की आम्ही रोजा धरायचो, मुलांनाही धरायला लावायचो आणि त्यांच्यासाठी लोकरीची खेळणी करून ठेवायचो. एखादं भुकेने रडायला लागलं की ते खेळणं त्याच्या हातात द्यायचो, इफ्तारची वेळ होईपर्यंत. ही हदीस सांगताना आपल्याकडे बहुतेक जण ‘धरायला लावायचो’ यावर जोर देतात. मला त्यातली लोकर जास्त महत्त्वाची वाटते. मुलाचं मन कुठे रमेल याचा विचार त्या बायांनी आधी करून ठेवला होता, आणि हे काम केलं आयांनी. आज त्या लोकरीच्या जागी मोबाइल आला आहे. तो हातात दिला की संध्याकाळ सरते हे खरं. पण खजूर फोडून बिया काढणं, सरबतात सब्जा टाकणं, कलिंगड ताटात लावणं, शेजारच्या घरी इफ्तारीची थाळी झाकून नेऊन देणं ही कामं असताना मुलाला पडद्यासमोर बसवणं म्हणजे त्याच्या वाटचा रमजान काढून घेणंच.

आता शरीराचं. लहान मुलाच्या यकृतात साखरेचा साठा मोठ्या माणसाइतका नसतो, तो लवकर संपतो. पाणीही लवकर कमी पडतं. चक्कर, उलटी, डोकं फार दुखणं, लघवीला बराच वेळ न जाणं, एरवी नाचणारं मूल गप्प पडून राहणं, यातलं काहीही दिसलं की पाणी आणि खजूर हातात द्यायचं, घड्याळाकडे बघायचं नाही. टाइप वन मधुमेह असलेल्या किंवा रोज ठरावीक वेळी औषध घ्यावं लागणाऱ्या मुलाच्या बाबतीत डॉक्टरला विचारल्याशिवाय अर्ध्या रोज्याचीही गोष्ट काढू नये. आणि लहान मुलाने सोडलेल्या रोज्याचा गुन्हा नाही, कजा नाही, कफ्फारा नाही. हे त्याला रोजा धरण्याआधी सांगायचं, चार वाजता नव्हे.

ऋतूचाही विचार करावा. चांद्रवर्ष सौरवर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी लहान, त्यामुळे रमजान दरवर्षी तेवढा अलीकडे सरकतो आणि साधारण ३३ वर्षांत सगळे ऋतू फिरून येतो. २०१५ साली तो जून-जुलैत होता; तेव्हा मुंबईत रोजा साडेचौदा तासांच्या आसपास जायचा. डिसेंबरच्या अखेरीस तोच सव्वाबारा तासांचा असतो. २०३० साली तर रमजान दोनदा सुरू होणार आहे, जानेवारीत आणि पुन्हा डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात. म्हणजे आज सहा-सात वर्षांचं असलेलं मूल ज्या वयात पूर्ण रोजे धरायला लागेल, त्या वयात त्याला थंडीतले छोटे दिवस मिळणार आहेत. मग आत्ताच उन्हात त्याची परीक्षा कशाला?

हा प्रश्न मी रोजा कुशाईवाल्यांनाही विचारते. पहिल्या रोज्याचा हा सोहळा मराठवाड्यात, मुंबईत हौसेने होतो. नवे कपडे, गळ्यात हार, मामू-खाला-फुपींच्या भेटवस्तू, सगळ्या खानदानाला इफ्तारचं बोलावणं. प्रथा वाईट नाही. पोराच्या एका दिवसाला घराने मान द्यावा, यात गैर काय? पण अलीकडे वय खाली खाली येत चाललंय. पाच वर्षांच्या मुलाचा रोजा, तोही एप्रिलमध्ये, मराठवाड्यात पारा चाळिशीला टेकलेला असताना, आणि फोटो सकाळपासून खानदानाच्या ग्रुपवर. हार घालून बसवलेल्या मुलाला दुपारी चार वाजता ‘पाणी हवं’ म्हणायची सोय राहत नाही. शंभर माणसांचा स्वयंपाक चुलीवर चढलेला असतो. सोहळा करायचाच असेल तर मुलाने आधी गाजावाजा न करता एक रोजा पूर्ण करावा, जमला तर पुढच्या रविवारी हार घाला. नाही जमला, तर कुणाला काही कळवायची गरजही पडत नाही.

याच माळेतला दुसरा त्रास म्हणजे पाहुण्यांचा प्रश्न, “किती झाले रे तुझे?” चुलत-मावस भावंडांत आकड्यांची शर्यत लागते आणि आकडा वाढवायला मूल खोटं बोलायला शिकतं. न्हाणीघरात नळाखाली तोंड धरून पाणी पिणं ज्यांनी लहानपणी केलं नाही, असे लोक मला थोडेच भेटले आहेत. अशा वेळी ओठ ओले का, जीभ दाखव, अशी झडती घेणारे वडीलधारे असतात. मला त्यांची कीव येते. बाकीच्या इबादती दिसतात. नमाज दिसते, जकात घेणाऱ्याला कळते. रोजा मात्र दार लावून कुणालाही मोडता येतो आणि बाहेर येऊन रोजेदार म्हणून मिरवता येतं. तरीही माणूस मोडत नाही, यातच तो रोजा आहे. आठ वर्षांच्या पोराने एकदा चोरून पाणी प्यायलं आणि पुढच्या वेळी नळ उघडून पुन्हा बंद केला, तर त्याला जे कळलं ते आपण दहा तकरीरी देऊनही कळवू शकलो नसतो. झडती घेतली की मात्र त्याचा रोजा आपल्यासाठी होतो.

आणि विसरून खाल्लं तर? खेळून आला, गटागट पाणी प्यायला, आणि मग कपाळाला हात लावून रडायला बसला. त्याला सांगायची हदीस साधी आहे : विसरून खाल्लं-प्यायलं तर रोजा मोडत नाही, ते अल्लाहनेच खाऊ-पिऊ घातलं. हनफी असो की आपल्या कोकणातले शाफई, दोघांनाही हे मान्य आहे. मुलांना हा नियम इतका आवडतो की काही जण दिवसातून तीनदा विसरतात.

‘रोजा कशासाठी’ याचं ठरलेलं उत्तर आपण देतो : गरिबांची भूक कळावी म्हणून. चुणचुणीत मूल लगेच विचारतं, “मग गरिबांनी का धरायचा?” उत्तर अडखळतं, कारण मुळात ते अपुरं आहे. कुरआनात रोज्याचं कारण तकवा असं दिलं आहे. मुलाला तो शब्द समजावण्यापेक्षा त्याच्यासमोरचा माठ दाखवावा. पाणी आपलं, हलाल, थंडगार, हाताशी. तरी मगरिबपर्यंत घ्यायचं नाही, कारण कबूल केलंय. स्वतःचं पाणी ज्याला बाजूला ठेवता येतं, त्याला वर्गातल्या मित्राचं पेन उचलताना थांबता यावं. खोटं बोलणं न सोडणाऱ्याच्या उपाशी राहण्याची अल्लाहला गरज नाही, या अर्थाची हदीसही आहे; ती मुलांइतकीच इफ्तारच्या आधी बायकोवर खेकसणाऱ्या रोजेदारांनाही ऐकवावी.

शाळेत वेगळेच प्रश्न येतात. “पाणीपण नाही?” हा बिगरमुस्लिम मित्राचा प्रश्न निरागस असतो आणि त्याचं उत्तर देताना मुलाची छाती जरा फुगते. “तू मुसलमान असून रोजा नाही?” हा मात्र टोचतो, आणि तो बऱ्याचदा आपल्यातल्याच मुलांकडून येतो. ‘माझ्यावर अजून फर्ज झाला नाही’ हे वाक्य मुलाला पाठ करून द्यावं. मुंबईत वर्गात एखादा दाऊदी बोहरा मित्र असला तर त्याचा रमजान आपल्या एक-दोन दिवस आधीच सुरू झालेला असतो, कारण त्यांची मिसरी दिनदर्शिका गणिताने चालते, चंद्र बघून नाही. त्यांचा रमजान दरवर्षी नेमका ३० दिवसांचा. यावरून वर्गात वाद होऊ द्यायचा नाही, उलट तो इफ्तार कसा करतो ते बघून यायला सांगायचं. एकाच थाळाभोवती सगळं घर बसतं आणि जेवणाची सुरुवात चिमूटभर मिठाने होते. २०२४ आणि २०२५ साली रमजान दहावीच्या परीक्षेत आला. त्या वयात रोजा बहुतेकांवर फर्ज झालेला असतो, तेव्हा तिथे घराने तरावीह, पाहुणे, बाजार यांतून मुलाची सुटका करावी आणि दुपारची झोप सांभाळावी.

मुलींबद्दल थोडं स्पष्ट बोलते, कारण यावर घरात कुणी बोलत नाही. पाळी आली की मुलगी बालिग, मग ती अकरा वर्षांची का असेना. लक्षणं दिसली नाहीत तर पंधरा चांद्रवर्षं हे वय धरतात. त्यामुळे धाकट्या बहिणीवर रोजा फर्ज झाला आणि थोरला भाऊ अजून सुटा, असं घरोघरी होतं. पाळीच्या दिवसांत रोजा धरायचा नसतो. त्या रोज्यांची कजा नंतर करायची, नमाजची नाही. एवढा सोपा हुकूम. आणि आपण करतो काय? ती पोर अब्बांना, भावाला कळू नये म्हणून सहरीला उठते, दिवसभर रोज्यात असल्यासारखी वावरते आणि स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून पोळीचा तुकडा गिळते. अल्लाहने दिलेली सवलत तिला चोरीसारखी वापरावी लागते. हे मुलींना सांगून थांबू नये, दहा-अकरा वर्षांच्या मुलांनाही सांगावं. बहिणीला “आज तुझा रोजा नाही वाटतं?” असं सगळ्यांदेखत विचारायचं नाही, ही तमीजही रमजानमध्येच शिकवायची गोष्ट आहे.

आखाती देशांत वाढणाऱ्या आपल्या कोकणी मुलांना आणखी एक गंमत मिळते. कुवेत, कतार, बहरीनमध्ये रमजानच्या मध्यावर मुलं पिशव्या घेऊन दारोदार गाणी म्हणत फिरतात आणि सुकामेवा, गोळ्या गोळा करतात. सुट्टीत गावी आलेली मुलं आमच्याकडे हे का नाही म्हणून विचारतात. आपल्याकडे पिशवी उलट्या दिशेने भरते, फितऱ्याची.

फितरा ही अशी एक गोष्ट आहे की तिच्यात काल जन्मलेलं बाळही मोजलं जातं. घरातल्या प्रत्येक डोक्यामागे तो द्यायचा, रोजा धरलेला असो वा नसो. शाफई कोकणात तो रोजच्या धान्यात देतात, म्हणजे तांदूळ, माणशी साधारण अडीच ते तीन किलो. हनफी घरांत बहुधा गव्हाच्या हिशेबाने पैसे, आणि रक्कम मशिदीतून जाहीर होते. तांदूळ मुलांच्या हातांनी मोजावा. दादीचा, अब्बांचा, पाळण्यातल्या बहिणीचा, आणि स्वतःचा वाटा त्यानेच पिशवीत ओतावा. आणि कुणाच्या घरी जायचा ते त्याच्यासमोर ठरवावं, पण ते नाव बाहेर बोलायचं नाही हेही तेव्हाच सांगावं. फितरा ईदच्या नमाजआधी पोचला पाहिजे. तेव्हा हे काम २८व्या रोज्यापर्यंत उरकून घ्या. २९ला चंद्र दिसला तर त्या रात्री शीरखुर्म्याचं दूध, शिंप्याकडचे कपडे आणि मेंदी यांच्या गडबडीत तांदळाकडे बघायला कुणाला सवड होत नाही.