लेव्हलिंग किट

लेव्हलिंग किट म्हणजे पिकअप प्रकारच्या वाहनाचा पुढचा भाग किंचित उचलून तो मागच्या भागाच्या पातळीत आणणारा सुट्या भागांचा संच होय. संपूर्ण वाहन उंच करणाऱ्या लिफ्ट किटपेक्षा तो वेगळा आहे, कारण यात मागील निलंबनाला, म्हणजे सस्पेन्शनला, हात लावला जात नाही. पुढची उचल सामान्यतः २५ ते ६५ मिलिमीटर असते.

== पार्श्वभूमी ==
रिकामा पिकअप मागे उंच व पुढे झुकलेला दिसतो. हा उत्पादकाचा दोष नसून हिशेब आहे. हौद्यात माल भरला की मागचे पाटे दबतात आणि वाहन आपोआप समपातळीत येते. पुण्याच्या टेल्को कारखान्यातून १९८८ मध्ये बाहेर पडलेली टाटा मोबाईल असो किंवा गुलटेकडीच्या मार्केट यार्डात पहाटे भाजी उतरवणारी आजची पिकअप असो, ओझ्याचे हे तत्त्व सर्वांना सारखेच लागू पडते. रोज माल वाहणाऱ्या गाडीला म्हणूनच हे किट उपयोगाचे नाही. उलट माल भरल्यावर तिचे नाक वर जाते व पुढच्या चाकांवरील भार घटतो. वरंधा किंवा ताम्हिणी घाटाच्या उतारावर सुकाणू आणि ब्रेक यांची भिस्त ज्या चाकांवर असते, ती हीच.

किटला मागणी आहे ती मुख्यतः खाजगी वापराच्या पिकअपच्या मालकांकडून. इसुझू व्ही-क्रॉस २०१६ मध्ये आणि टोयोटा हायलक्स २०२२ मध्ये भारतात आली. या दोन्ही गाड्यांत पुढे दुहेरी विशबोन व गुंडाळी स्प्रिंग, तर मागे पाटे अशी रचना आहे. हौदा बहुधा रिकामाच राहत असल्याने पुढचा झुकाव कायम डोळ्यांत भरतो, आणि मोठे टायर बसवायचे तर पुढे जागाही अपुरी पडते.

== प्रकार ==
सर्वांत स्वस्त प्रकार म्हणजे शॉक ॲब्सॉर्बर व स्प्रिंगच्या जोडणीच्या माथ्यावर बसणारी धातूची किंवा पॉलियुरेथेनची चकती. ही जोडणी खालच्या आर्मच्या मधोमध टेकलेली असल्याने तरफेचा नियम लागू होतो. चकतीच्या जाडीच्या सुमारे दीडपट ते दुप्पट उचल चाकापाशी मिळते. ५० मिलिमीटर उचल हवी म्हणून ५० मिलिमीटर जाडीची चकती घेणे ही त्यामुळे मोठी चूक ठरते.

दुसऱ्या प्रकारात चकती स्प्रिंगवरच बसवून ती अधिक दाबली जाते. शॉकची कमाल लांबी तीच राहत असल्याने चाकाची खाली जाण्याची मुभा कमी होते, आणि गतिरोधक ओलांडताना वरून ‘टक्’ असा आवाज येऊ लागतो. ज्या वाहनांत पुढे टॉर्शन बार असतो, तेथे बाराची चावी फिरवून उंची वाढवता येते. त्याने स्प्रिंगचा कडकपणा बदलत नाही, पण खालची मुभा येथेही घटते. लांब शॉक व नव्या स्प्रिंगचा पूर्ण संच महाग असला, तरी चाकाची वरखाली चाल तोच सर्वांत चांगली राखतो.

== निवड ==
सपाट जमिनीवर, नेहमीच्या इंधनासह व नेहमीच्या सामानासह, चारही चाकांच्या मध्यापासून वरच्या कमानीच्या कडेपर्यंतचे अंतर मोजावे. पुढच्या व मागच्या मापांतील फरकापेक्षा १० ते १५ मिलिमीटर कमी उचल घेणे शहाणपणाचे, म्हणजे चार माणसे व सामान चढल्यावरही गाडी मागे बसत नाही. उचल जितकी अधिक, तितका वरचा बॉल जॉइंट आणि चारचाकी गाडीतील पुढच्या ॲक्सलचे सांधे अधिक कोनात काम करतात व लवकर झिजतात. मोठी उचल घ्यायची झाल्यास वरचा आर्मही बदलावा लागतो.

== बसवणी ==
मागच्या चाकांना उटी लावून वाहन चासीखाली भक्कम स्टँडवर टेकवावे. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली जाऊ नये. स्टॅबिलायझरचे दुवे दोन्ही बाजूंचे एकाच वेळी सोडावेत. ब्रेकची नळी व एबीएसची तार आधी मोकळी करावी, कारण त्यांवर ताण पडून झालेली इजा वरून दिसत नाही. माथ्यावरच्या चकतीसाठी स्प्रिंग उघडावी लागत नाही. स्प्रिंग दाबण्याच्या प्रकारात मात्र साठलेली शक्ती प्राणघातक ठरू शकते, व ते काम योग्य दाबयंत्र असलेल्या गॅरेजातच करवून घ्यावे.

बुश असलेले बोल्ट गाडी चाकांवर उतरवल्यानंतरच अखेरचे आवळावेत. लोंबकळत्या आर्मवर आवळल्यास रबर कायम पिळलेले राहते व काही महिन्यांत फाटते. बॉल जॉइंटची कॉटर पिन नवीच घालावी. नाना पेठेतील दुकानांत ती काही रुपयांना मिळते. यानंतर व्हील अलाइनमेंट अनिवार्य आहे, आणि काही शे किलोमीटरनंतर सर्व बोल्ट टॉर्क पान्याने पुन्हा तपासावेत.

== दिव्यांचा झोत ==
हा परिणाम सर्वाधिक दुर्लक्षिला जातो. सुमारे ३.१ मीटर अंतराच्या दोन ॲक्सलमध्ये पुढचा भाग ४० मिलिमीटर उचलला, तर झोत दर मीटरमागे सुमारे १.३ सेंटिमीटर वर वळतो. डिपर दिव्याचा झोत मुळात मीटरमागे साधारण एक सेंटिमीटरच खाली झुकवलेला असतो. म्हणजे तो झुकाव पूर्ण नाहीसा होऊन प्रकाश समोरच्या दुचाकीस्वाराच्या डोळ्यांत जातो. किट बसवल्याच्या दिवशीच दिवे पुन्हा जुळवून घ्यावेत.

== कायदेशीर बाजू ==
मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकास करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळ उच्च न्यायालयाचा वेगळा निर्णय रद्द करून हे कलम काटेकोरपणे लागू केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ प्रमाणे अनधिकृत बदलास सहा महिन्यांपर्यंत कारावास, प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. त्यामुळे काम करण्यापूर्वी प्रादेशिक परिवहन कार्यालयाकडे, पुणे शहरात संगम पुलाजवळ, लेखी विचारणा करणे आणि विमा कंपनीस कळवणे इष्ट.

विक्रेत्याने चाचणीचा दावा केल्यास प्रमाणपत्राची प्रत मागावी. वाहने व त्यांचे भाग यांची चाचणी करणाऱ्या देशातील मान्यताप्राप्त संस्थांपैकी दोन पुणे परिसरातच आहेत: वेताळ टेकडीवरील, १९६६ मध्ये स्थापन झालेली ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया, आणि भोसरीची सेंट्रल इन्स्टिट्यूट ऑफ रोड ट्रान्सपोर्ट. प्रमाणपत्रावर वाहनाचे नेमके मॉडेल नमूद आहे की केवळ धातूच्या दर्जाची चाचणी झाली आहे, हे वाचून पाहावे.