एमडीला ना वास, ना झोकांड्या

दारू प्यायलेला माणूस वासावरून, चालीवरून ओळखू येतो. एमडी, म्हणजे मेफेड्रॉन, घेतलेल्या पोराच्या तोंडाला वास येत नाही, पायही अडखळत नाहीत. म्हणून घरच्यांना कळतं तेव्हा उशीर झालेला असतो. बीडकरांनी हे चार गैरसमज आधीच दूर केलेले बरे.

गैरसमज : हे मुंबई-पुण्याचं लोण आहे.
वस्तुस्थिती : फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीत एमडीचा कारखानाच उघडकीस आणला. पुढच्याच वर्षी फेब्रुवारीत शेजारच्या धाराशिव जिल्ह्यात, तुळजापूरजवळ तामलवाडीला एमडीच्या पुड्या पकडल्या गेल्या. ज्या तुळजाभवानी आईच्या दर्शनाला आपण जातो, तिच्या वेशीपर्यंत हे विष पोचलं आहे.

गैरसमज : हे एक प्रकारचं औषधच आहे.
वस्तुस्थिती : मेफेड्रॉन कोणत्याही आजारावर दिलं जात नाही. २०१५ पासून ते अमली पदार्थविरोधी एनडीपीएस कायद्याखाली येतं. पुडीत कशाची किती भेसळ आहे, हे विकणाऱ्यालाही सांगता येत नाही.

गैरसमज : यानं ताकद येते, भरतीच्या सरावाला, रात्रीच्या गाडीला उपयोगी पडतं.
वस्तुस्थिती : ताकद वाढत नाही, थकवा जाणवेनासा होतो एवढंच. नाडी धावते, रक्तदाब चढतो, अंग तापतं. अंमल दोन-तीन तासांत ओसरतो आणि लगेच पुन्हा घ्यावंसं वाटतं. एका पुडीवर रात्र भागत नाही. डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या झालेल्या, दात करकरताहेत, थंडीतही सदरा घामानं चिंब, दोन रात्री डोळ्याला डोळा नाही आणि ‘बाहेर कुणीतरी पाळत ठेवतंय’ म्हणून आतून कडी लावून बसलेला पोरगा दिसला, तर ते निव्वळ जागरण समजू नका. यातून फिट येऊ शकते, हृदयाचे ठोके बिघडू शकतात, जीवही जाऊ शकतो.

गैरसमज : दवाखान्यात नेलं की पोलीस केस होते.
वस्तुस्थिती : स्वतःहून उपचार घेणाऱ्या व्यसनी व्यक्तीला, अल्प प्रमाणाच्या प्रकरणात, एनडीपीएस कायद्याचं कलम ६४-अ खटल्यापासून संरक्षण देतं. एमडीवर खास उतारा नाही. पण ताप उतरवणं, फिट थांबवणं, हृदयावर लक्ष ठेवणं रुग्णालयातच होऊ शकतं. छातीत दुखलं, फिट आली, अंग भाजू लागलं, तर १०८ ला फोन करा आणि काय घेतलं ते डॉक्टरांना खरं सांगा.

व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि मानसिक त्रासासाठी १४४१६ हे क्रमांक मोफत आहेत. अब्रूच्या भीतीनं दार लावून घेऊ नका. पोराला बोलतं करा, उपचाराला न्या.