गॅसच्या ज्योतीवर बांगडा

मसुऱ्यात बांगडा भाजण्याचा दस्तूर असा की, चुलीतली ज्वाळा पुरती ओसरून करवंट्यांचे इंगळ उरले म्हणजेच मासा त्यांवर ठेवावयाचा. आणि मे महिन्यात गावी येणाऱ्या चाकरमान्याच्या मनात अंगणात गॅसची ग्रिल मांडावयाची असेल, तर दुकानाची पायरी चढण्यापूर्वी त्याने या दस्तुरामागील पदार्थविज्ञान ध्यानी घ्यावे.

इंगळ भाजतो तो मुख्यत्वे प्रारणाने. आणि तप्त पदार्थाचे प्रारण त्याच्या निरपेक्ष तापमानाच्या चतुर्थ घाताच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे लालबुंद निखारा बांगड्याची कातडी पाहता पाहता कोरडी व खरपूस करतो. गॅसची निळी ज्योत अत्यंत उष्ण खरी, परंतु तिचे प्रारण क्षीण. शिवाय एक किलो प्रोपेन जळला असता सुमारे १.६ किलो पाण्याची वाफ निघते, म्हणजे ही धग दमटच. सबब, विक्रेता ज्योतीच्या जोराचे जे आकडे मोठ्या अभिमानाने वाचून दाखवितो ते खुशाल ऐकून घ्यावेत, पण पाहावे ते बर्नरवर जाड पोलादी पट्ट्यांचे आच्छादन आहे की नाही हे. कारण त्या पट्ट्याच तापून इंगळाच्या जागी काम करतात, आणि बांगड्याची चरबी त्यांवर ठिबकून जो धूर उठतो त्यावाचून भाजलेल्या माशाला, निदान आमच्या जिभेच्या हिशेबी, अर्थ नाही. जाळी बिडाची घ्यावी. स्टेनलेस पोलादाच्या सुमारे तिप्पट सुलभतेने ती उष्णता वाहते, मात्र तिला तेलाचा हात नित्य हवा.

खाडीवरचा खारा वारा हा येथील खरा शत्रू. स्टेनलेस पोलादावरील क्रोमियम ऑक्साइडचा सूक्ष्म पापुद्रा मिठातील क्लोराइड भेदतो. दोन-तीन टक्के मॉलिब्डेनम असलेले ३१६ जातीचे पोलाद ३०४ पेक्षा अधिक तग धरते, पण महागही पडते. लोहचुंबक जोराने चिकटला तर माल बहुधा निकेलविरहित, हलक्या प्रतीचा समजावा.

नळाच्या नैसर्गिक वायूसाठी बनविलेल्या जेटची छिद्रे मोठी असतात. तीच ग्रिल सिलिंडरला जोडल्यास ज्योत पिवळी व काजळी धरणारी होते, यास्तव जेट कोणते याची खातरजमा आधी करावी. सिलिंडरचा वायू हवेहून जड असून गळल्यास खाली साचतो. म्हणून बंदिस्त पडवी नामंजूर, उघडे अंगणच बरे.

पावसाळ्यात बर्नरच्या नळीत कोळी जाळे विणतो किंवा कुंभारीण मातीचे घर बांधते, आणि मग गॅस मागे सरकून चावीपाशीच पेट घेतो. नारळी पौर्णिमेनंतर पहिला ताजा बांगडा घरात येईल त्या दिवशी आधी नळी काढून तारेच्या ब्रशने साफ करावी.