निघालात, हे अमेरिकेला कोण सांगतं?

लेकीकडे पाच महिने राहून नेवार्कहून परत निघालो, तेव्हा आमच्या ह्यांनी विमानात बसेपर्यंत तीनदा विचारलं, "अगं, शिक्का कुठे मारतात?" सामान दिलं, सुरक्षा तपासणीत पट्टा काढून पुन्हा बांधला, फाटकापाशी रांग लावली आणि थेट विमानात. मुंबईहून जाताना काउंटरवरच्या अधिकाऱ्याने पासपोर्टावर ठप्पकन शिक्का उमटवला होता. इथे तसलं काहीच नाही. ह्यांचा जीव थाऱ्यावर येईना. आपण गेलो, हे इथल्या सरकारला कळणार कसं?

शंका रास्त होती. अमेरिकेच्या विमानतळांवर देशाबाहेर जाणाऱ्यांसाठी इमिग्रेशनचा काउंटरच नसतो. तिथली बहुतेक टर्मिनल देशांतर्गत प्रवाशांची गर्दी डोळ्यांसमोर ठेवून बांधलेली. शिकागोला निघालेला आणि मुंबईला निघालेला एकाच दालनात शेजारी बसून कॉफी पितात. त्यांना वेगळं काढायला जागा नाही, तेव्हा निघणाऱ्यांची खबर देण्याचं काम सरकारने विमान कंपन्यांच्या गळ्यात घातलं.

पासपोर्टच्या फोटोच्या पानावर तळाशी दोन ओळी असतात, बाणाच्या टोकासारख्या खुणांनी भरलेल्या. चेक-इनला कर्मचारी पासपोर्ट यंत्रातून सरकवतो, तेव्हा यंत्र त्या ओळी वाचतं. नाव, पासपोर्ट क्रमांक, जन्मतारीख, नागरिकत्व, सगळं त्यात आहे. ही यादी विमानाचं दार बंद होण्याआधी सीमाशुल्क आणि सीमा संरक्षण खात्याकडे, म्हणजे सीबीपीकडे पोचलेली असते. उड्डाणानंतर कंपनी पुन्हा कळवते, की प्रत्यक्षात कोण बसलं. तिकीट काढून न आलेला माणूस 'गेला' म्हणून नोंदला जाऊ नये, यासाठी हा दुसरा निरोप महत्त्वाचा.

आता ही नोंद जोडायची कशाला? आपण आलो तेव्हाच्या नोंदीला. तिचं नाव आय-९४. व्हिसा दहा वर्षांचा असला तरी एका खेपेला किती दिवस राहायचं ते आय-९४ वरची तारीख ठरवते, पर्यटकांना बहुधा सहा महिने. व्हिसावरची तारीख वाचून निर्धास्त राहणारे आई-बाबा मी पाहिलेत. तारीख एका दिवसाने चुकली तरी तो व्हिसा रद्द ठरतो. १८० दिवसांहून जास्त बेकायदा राहून परतलेल्याला ३ वर्षं प्रवेशबंदी, वर्षभर किंवा त्याहून जास्त राहिलेल्याला १० वर्षं.

पूर्वी आय-९४ म्हणजे पासपोर्टात स्टेपल केलेला पांढरा कागद. परतताना विमान कंपनीची माणसं तो काढून घेत आणि सरकारला देत. गेल्याचा पुरावा तोच. कागद चुकून पासपोर्टातच राहिला, तर तो भारतातून पोस्टाने पाठवायचा. कुठे? लंडनला. पण हे लंडन केंटकी राज्यातलं! २०१३ मध्ये विमानाने आणि जहाजाने येणाऱ्यांसाठी हा कागद बंद झाला.

जुळवाजुळव ऐकायला सोपी वाटते, पण घोळ तिथेच होतात. वास्तव्यात पासपोर्टची मुदत संपली आणि तिथल्या भारतीय वकिलातीतून नवा घेतला, की आलेला माणूस एका क्रमांकाचा आणि गेलेला दुसऱ्याच. आपल्याकडे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मधे असतं. एका नोंदीत ते आलं आणि दुसरीत गळलं, तर यंत्राला ती दोन माणसं वाटू शकतात.

जमिनीवरच्या सीमांची तऱ्हा आणखी वेगळी. कॅनडाशी करार आहे: तुम्ही कॅनडाच्या चौकीवर पासपोर्ट दाखवलात, की ती नोंद अमेरिकेला मिळते. कॅनडातलं आगमन तेच अमेरिकेतून प्रस्थान. मला ही युक्ती फार आवडली. नवं काही बांधावं लागलं नाही. मेक्सिकोशी अशी देवाणघेवाण नाही. सॅन इसिद्रोहून कुणी चालत तिहुआनाला गेला आणि तिथूनच मायदेशी उडाला, तर अमेरिकेच्या दप्तरी तो अजून अमेरिकेतच असू शकतो.

म्हणून मुदतीपेक्षा जास्त राहिलेल्यांचे आकडे जपून वाचावेत. २०२३ च्या आर्थिक वर्षात परतणं अपेक्षित असलेल्या सुमारे ३ कोटी ९० लाखांपैकी दीड टक्क्याहून किंचित कमी लोकांवर तसा संशय होता. त्यात उशिरा का होईना निघालेलेही आले. उरलेल्यांविषयी सरकारला एवढंच म्हणता येतं, की त्यांच्या जाण्याची नोंद सापडत नाही.

प्रत्येकाचं येणं-जाणं नोंदवा, असा कायदा अमेरिकेने १९९६ मध्येच केला होता. अंमलबजावणी रखडत आली, ती आता चेहऱ्यावर येऊन ठेपली आहे. बऱ्याच विमानतळांवर फाटकापाशी कॅमेरा बसवलाय. तो तुमचा चेहरा साऱ्या जगात शोधत बसत नाही. त्या विमानाच्या यादीतल्या प्रवाशांचे पासपोर्ट-व्हिसाचे फोटो आधीच काढून ठेवलेले असतात, त्या काहीशेंमध्येच जुळवतो. २६ डिसेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नियमाने जाणाऱ्या कुठल्याही परदेशी नागरिकाचा असा फोटो घेता येतो.

आमच्या वेळी कॅमेरा नव्हता. मुंबईत उतरल्यावर मात्र आगमनाचा शिक्का मिळाला, आणि तोच आमचा जामीन. कारण जाण्याची नोंद हुकली, तर दुसऱ्या देशात पोचल्याचा शिक्का आणि बोर्डिंग पास पुरावा म्हणून दाखवता येतात. महिन्याभराने लेकीने आय-९४ च्या संकेतस्थळावर ह्यांचा पासपोर्ट क्रमांक टाकला. दोन ओळी उमटल्या: आगमन, तारीख; प्रस्थान, तारीख. तिने धाडलेला त्या पानाचा फोटो ह्यांनी कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून छापून आणला आणि पासपोर्टच्या पाकिटात ठेवला. बोर्डिंग पासची अर्धुकं मात्र अजून टाकू देत नाहीत.