विहिरीतले तणनाशक मरते काय?

मृगाचा पहिला पाऊस पडून गेल्यावर पेडणे तालुक्यातील एका वाड्यावर आम्ही एका कुटुंबाच्या भेटीस गेलो होतो. घरामागे काजूचा डोंगर, डोंगराच्या पायथ्याशी ओहोळ आणि ओहोळाच्या काठी विहीर. काजूच्या हंगामाआधी रान साफ करावयास मजूर मिळेनात, म्हणून शेजारच्या बागाईतदाराने यंदा कोयता बाजूस ठेवून फवारणीचा पंप पाठीस लावला होता. घरच्या बाईंनी पाण्याचा पेला आमच्या हाती दिला आणि किंचित संकोचाने विचारले, "पाद्रीबाब, विहिरीत ब्लीचिंगची पूड घातली आहे. आता ते औषध मेले असेल ना?"

प्रश्न साधा होता. उत्तर मात्र आम्हांस त्या क्षणी देता आले नाही. सेमिनरीत आम्ही तत्त्वज्ञान शिकलो, रसायनशास्त्र नव्हे. परंतु ज्या घरची मुले ते पाणी पितात, त्या घरास अर्धवट धीर देऊन निघून येणे बरे वाटेना. म्हणून पुस्तके चाळली, जाणकारांस विचारले आणि जे समजले ते वाचकांपुढे ठेवीत आहो.

प्रथम हे ध्यानात घ्यावे की, तणनाशक हे एकच एक द्रव्य नव्हे. ग्लायफोसेट आमच्या तांबड्या मातीतील लोहाच्या कणांस घट्ट चिकटते. पण पहिल्या जोरदार पावसात मातीच वाहू लागली म्हणजे तेही तिच्याबरोबर ओहोळात उतरते. भातशेतीत वापरले जाणारे टू-फोर-डी मातीस फारसे धरून राहत नाही. ते पाण्याबरोबरच चालू लागते. मका व ऊस यांच्या शेतांत मारले जाणारे अ‍ॅट्राझीन पाण्यात दीर्घकाळ टिकते. तेव्हा तीन द्रव्यांचे तीन स्वभाव, आणि त्यांस एकच उपाय लागू पडत नाही.

ब्लीचिंगच्या पुडीतील क्लोरीन रोगजंतूंचा कर्दनकाळ आहे, आणि त्यासाठी ती पूड विहिरीत घालणे योग्यच. ग्लायफोसेटचा रेणूही क्लोरीन फोडू शकतो. अ‍ॅट्राझीनला मात्र ते जवळजवळ शिवत नाही. पाणी उकळावे म्हटले तर जंतू मरतात. ही द्रव्ये मात्र वाफेबरोबर उडून जात नाहीत. उलट पाणी आटेल तसतसा त्यांचा अंश दाटच होतो.

मग नळाचे पाणी तरी निर्धास्त का? सिंधुदुर्गातील दोडामार्ग तालुक्यात बांधलेल्या तिळारी धरणाचे पाणी कालव्यांनी आमच्या उत्तर गोव्यात येते. पेडण्यात चांदेल, डिचोलीच्या वेशीवर अस्नोडा, साखळीजवळ पडोसे अशा ठिकाणी पाणी शुद्ध करण्याचे प्रकल्प आहेत. तुरटीने गाळ बसविणे, वाळूतून गाळणे आणि क्लोरीन मिसळणे ही अशा प्रकल्पांची सर्वमान्य रीत होय. गाळाबरोबर त्याला चिकटलेले विषही बरेचसे खाली बसते. परंतु जे पाण्यात पूर्ण विरघळले आहे, ते तुरटीस सापडत नाही व वाळूसही अडत नाही. पाणी आरशासारखे स्वच्छ दिसते आणि तरीही ते त्यात असू शकते.

विरघळलेले विष फोडण्यासाठी शास्त्रज्ञांनी जो मार्ग काढला आहे, त्यास ऑक्सिडीकरण म्हणतात. लाकूड जळते तेव्हा प्राणवायू त्याचे घटक अलग करतो. हे काम पाण्यात, ज्वाळेवाचून, घडवून आणावयाचे असते. या विद्येचे एक मूळ आपल्या चिंचेशी नाते सांगते. चिंचेत असणाऱ्या टार्टारिक आम्लावर प्रयोग करताना केंब्रिजच्या हेन्री फेंटन या रसायनशास्त्रज्ञास असे आढळले की, हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये हिराकशीसारखा लोहाचा क्षार किंचित मिसळला तर त्याची शक्ती विलक्षण वाढते. हा शोध त्याने १८९४ साली सविस्तर प्रसिद्ध केला. त्या मिश्रणात हायड्रॉक्सिल नावाचा एक कण क्षणभर जन्मास येतो. सेकंदाच्या अत्यल्प अंशापलीकडे तो जगत नाही. परंतु तेवढ्यात समोर येईल त्या सेंद्रिय रेणूवर तुटून पडतो. क्लोरीन व ओझोन यांहूनही तो प्रखर आहे. ज्या लोहाच्या खाणींनी डिचोलीचे ओहोळ वर्षानुवर्षे तांबडे केले, ते लोहच पाणी निर्विष करण्याच्या कामी यावे, याचे आम्हांस नवल वाटले. अर्थात खाणीतील दगड उचलून विहिरीत टाकल्याने हे साधत नाही. त्यास विरघळणारा क्षार लागतो, पाणी बरेच आंबट करावे लागते आणि शेवटी लोहाचा गाळ उरतो. म्हणून ही रीत कारखान्यांच्या सांडपाण्यास अधिक मानवते. मुंबईत माटुंग्याच्या इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी या संस्थेत अनिरुद्ध पंडित व पराग गोगटे या प्राध्यापकांनी अशा रीतींचा अनेक वर्षे अभ्यास केला आहे. पाण्यात सूक्ष्म बुडबुडे उत्पन्न करून ते फुटताना निघणाऱ्या शक्तीने कीटकनाशके फोडण्याचे प्रयोगही तेथे झाले आहेत.

पिण्याच्या पाण्यासाठी ओझोन वायू, किंवा पेरॉक्साइड आणि अतिनील किरण यांची जोडी वापरतात. हॉलंडमध्ये आंडाइक या गावी २००४ सालापासून आयसेल सरोवराचे पाणी असे शुद्ध होऊ लागले. त्या सरोवरात ऱ्हाइन नदीचे पाणी येते आणि नदीबरोबर अनेक देशांच्या शेतांतील औषधेही येतात. परंतु तेथील लोक एवढ्यावर थांबले नाहीत. किरणांखालून निघालेले पाणी त्यांनी पुन्हा सक्रिय कार्बन नावाच्या, विशेष रीतीने तयार केलेल्या कोळशाच्या थरांतून गाळले.

हे दुसरे गाळणे कशासाठी? या विषयाचे मर्म येथेच आहे. विष फुटले म्हणजे विष संपले असे नव्हे. टू-फोर-डी अर्धवट फुटले तर डायक्लोरोफिनॉल हे उग्र वासाचे द्रव्य उरते. ग्लायफोसेटपासून दुसरे एक टिकाऊ द्रव्य निपजते. अ‍ॅट्राझीनची एखादी शाखा तुटली तरी जे राहते ते तणनाशकच असते. नेटाने फोडत गेले तरी त्याच्या मूळ कड्याचे सायन्युरिक आम्ल होऊन राहते, मात्र ते फारसे विषारी नसते. सर्व काही पाणी, कर्बवायू आणि साधे क्षार यांत विरून जाईपर्यंत काम पुरे झाले असे म्हणता येत नाही. अर्धे काम करून निश्चिंत होणे हा मनुष्यस्वभाव आहे. पाणी मात्र त्याची भीड धरीत नाही.

काही जण म्हणतील, ही भीती वाढविलेली आहे. ग्लायफोसेट कर्करोगास बहुधा कारण होते, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ साली म्हटले. इतर काही सरकारी संस्थांनी ते मत मानले नाही. भारत सरकारने २०२२ साली त्याच्या वापरावर निर्बंध घातले. पंडितांचा वाद पंडितांनी मिटवावा. परंतु मोजमाप करण्यास कोणाचीच हरकत नसावी. पिण्याच्या पाण्याच्या २०१२ सालच्या भारतीय मानकात लिटरमागे अ‍ॅट्राझीन २ मायक्रोग्रॅम, टू-फोर-डी ३० मायक्रोग्रॅम अशा मर्यादा घातल्या आहेत. मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. इतके सूक्ष्म द्रव्य ना डोळ्यांस दिसते ना जिभेस कळते. त्यास प्रयोगशाळाच हवी. ग्लायफोसेटसाठी त्या यादीत स्वतंत्र मर्यादा नाही, म्हणून त्याची तपासणी आवर्जून मागावी लागेल. पाऊस सुरू होताच विहिरीचे व ओहोळाचे पाणी तपासून मिळावे, अशी मागणी ग्रामसभेत लेखी करावी. ती करावयास रसायनशास्त्राची पदवी लागत नाही.

आणि घरी काय करावे? पेरॉक्साइड वा कोणतेही रसायन आपल्या बुद्धीने विहिरीत ओतू नये. फवारणीचा पंप विहिरीच्या काठावर किंवा ओहोळात धुऊ नये. औषधाचे रिकामे डबे पाणी भरण्यास घेऊ नयेत. ओहोळाच्या दोन्ही काठांस गवताचा रुंद पट्टा राखावा. तो वाहती माती अडवितो. आणि शक्य तेथे कोयताच चालवावा. मजुरी परवडत नाही हे गाऱ्हाणे खरे आहे, आम्ही ते नाकारीत नाही. परंतु चार शेजाऱ्यांनी मिळून आज याचा, उद्या त्याचा डोंगर साफ केला, तर ते ओझे हलके होते. बागाईतदार आणि विहिरीवर पाणी भरणारी बाई एकाच ओहोळाच्या काठी राहतात. एकाचा खर्च वाचावा म्हणून दुसऱ्याचे पाणी बिघडावे, हा व्यवहार न्यायाचा नव्हे.

पुढे त्या घरी पुन्हा गेलो तेव्हा बाईंस आम्ही सांगितले, "बाय, पुडीने जंतू मरतात, ती घालत जा. पण सगळे औषध तिने मरत नाही. पाणी तपासून घेईपर्यंत पिण्यासाठी वरच्या अंगाच्या झरीचे पाणी आणा." त्यांनी मान डोलावली आणि म्हणाल्या, "मग शेजाऱ्यालाच जाऊन सांगायला हवे." आम्हीही त्यांच्याबरोबर गेलो. बागाईतदार गृहस्थ भला माणूस निघाला. "विहीर खालच्या अंगाला आहे, हे माझ्या ध्यानातच आले नाही," असे तो म्हणाला, आणि पुढच्या हंगामात ओहोळाकडील उतारावर पंप न चालविण्याचे त्याने कबूल केले. पाण्यात पडलेले विष फोडण्यास यंत्रे लागतात, विद्वान लागतात आणि पैसाही लागतो. ते पाण्यात पडू न देण्यास पुष्कळदा शेजाऱ्याच्या अंगणापर्यंतची चार पावले पुरतात.