गेम अडखळतोय? आधी तापाचा आलेख बघा

गेम सुरू केला की काही वेळ सगळं सुरळीत चालतं. मग फॅन घोंघावू लागतो, चित्र अडखळतं, कधी कधी कॉम्प्युटर चक्क बंद पडतो. अशा वेळी नव्या, महागड्या कूलरचा विचार लगेच मनात येतो. तो जरा लांबवा. पुष्कळदा थर्मल पेस्टच्या एका ट्यूबवर काम भागतं, कधी फुकटातही.

प्रोसेसर तापणं हा मुळात दोष नव्हे. इंटेलच्या कोअर आय-५ १२४०० ची कमाल मर्यादा १०० अंश सेल्सिअस आहे. मर्यादा जवळ आली की प्रोसेसर स्वतःहून वेग उतरवतो. गेम अडखळतो तो त्यामुळे. तेवढ्यानंही भागलं नाही, तर मशीन बंद होतं. खेळताना ७०-८० अंश दिसत असतील, तर काळजीचं कारण नाही.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे ताप चढतो कसा. ‘एचडब्ल्यूइन्फो’ हा ताप दाखवणारा मोफत प्रोग्रॅम चालू ठेवा आणि गेम सुरू करा. दोन-चार सेकंदांत आकडा चाळिशीवरून थेट पंचाण्णवला भिडला, तर उष्णता कूलरपर्यंत पोचतच नाहीये. दोष प्रोसेसर आणि कूलर यांच्या सांध्यात आहे. वीसेक मिनिटं हळूहळू चढत तिथवर गेला, तर सांधा ठीक आहे, हवा कोंडलीय. सोबत वॅटही बघा. १२४०० ची कमाल ११७ वॅट. पन्नास वॅटलाच तो शंभरी गाठत असेल, तर बहुधा कूलर नीट बसलेला नाही. एएमडीच्या रायझन ७००० मधल्या मोठ्या चिपा मात्र याला अपवाद. पूर्ण भाराखाली ९५ अंशांपर्यंत जायचं, अशाच बेतानं त्या बनवल्या आहेत.

सांध्याचा संशय आला की आधी पिना तपासा. इंटेलच्या डब्यातल्या कूलरला प्लॅस्टिकच्या चार पिना असतात. घर बदलताना टेम्पोत धक्के बसून त्यातली एक सुटली, तरी कूलर एका बाजूनं उचलला जातो. समोरासमोरच्या तिरक्या जोड्यांनी दाबून ‘टक्’ आवाज येईपर्यंत बसवा. कूलर नवा असेल, तर तळाची पारदर्शक फिल्म काढली होती का, तेही बघा.

मग पेस्ट. धातूचे दोन पृष्ठभाग कितीही गुळगुळीत दिसले, तरी त्यांच्यातल्या बारीक खाचांत हवा राहते आणि हवा तांब्याच्या तुलनेत उष्णता सुमारे पंधरा हजारपट कमी वाहून नेते. ही हवा हाकलणं एवढंच पेस्टचं काम. म्हणून जुनी, वाळलेली पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा आणि मध्यभागी मटारच्या दाण्याएवढा ठिपका ठेवा. जास्त थापून काहीच साधत नाही. एक धोका इथं सांगायलाच हवा: एएम४ सॉकेटच्या रायझनवरचा कूलर थंड असताना सरळ ओढू नका. पेस्टला चिकटून प्रोसेसर सॉकेटमधून उपटून येतो आणि त्याच्या पिना वाकतात. आधी दहा मिनिटं मशीन चालवा, बंद करून प्लग काढा आणि कूलर हलक्या हातानं पिळत सोडवा.

हवेचा दोष ओळखणं सोपं आहे. कॅबिनेटची बाजूची काच काढून तोच गेम खेळा. ताप सात-आठ अंशांनी उतरला, तर कॅबिनेट गुदमरतंय. पुढची जाळी धुवा, पुढून हवा आत आणि मागून बाहेर जातेय ना, ते पाहा. कूलरचा फॅन उतरवून बघाच. धुळीचा नमद्यासारखा थर त्याच्यामागे, कूलरच्या धातूच्या पात्यांवर साचतो आणि वरून दिसत नाही. ब्लोअर मारताना फॅन बोटानं धरून ठेवा.

खोलीचंही भान हवं. कूलर खोलीपेक्षा थंड होऊ शकत नाही. एसीतली २४ अंशांची खोली आणि मे महिन्यात नागपुरातली ३८ अंशांची खोली यांतला १४ अंशांचा फरक जवळजवळ जसाच्या तसा प्रोसेसरवर दिसतो. पाण्याचा कूलरही यातून सुटत नाही, त्याचीही उष्णता शेवटी त्याच हवेत जाते.

एवढं करूनही भागलं नाही, तर बायोसमध्ये जा. अनेक मदरबोर्ड जास्त वेगाच्या हव्यासापोटी विजेची मर्यादा सैल सोडतात. आय-९ १३९००के साठी इंटेलनं सांगितलेली कमाल २५३ वॅट आहे, ती तिथं पुन्हा भरा. रायझनमध्ये इको मोड असतो. गेममध्ये त्यानं वेग फारसा घटत नाही, ताप मात्र चांगलाच उतरतो. दर बदलानंतर तोच गेम, तेवढाच वेळ चालवून आलेख पुन्हा घ्या आणि खोलीचं तापमान शेजारी लिहून ठेवा.