कोरड्या दगडात पाणी किती? सांगतात न दिसणारे किरण

नवी मुंबईतल्या तळवलीजवळचे डोंगर असोत की सह्याद्रीचे कडे, हा काळा दगड म्हणजे बेसाल्ट. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसातून तो तयार झाला. महाराष्ट्रात ठिकठिकाणी त्याच्या पोकळ्यांमध्ये स्टिल्बाइट नावाचं खनिज सापडतं. हाताला ते अगदी कोरडं लागतं. पण त्याच्या वजनात सुमारे १७-१८ टक्के पाणी असतं!

हे पाणी मोजतात कसं?

खनिज तापवून वजन किती घटलं ते पाहता येतं, पण त्यात नमुनाच बदलतो. दुसरा मार्ग इन्फ्रारेड किरणांचा. ऑक्सिजन आणि हायड्रोजनमधला बंध ३ मायक्रॉनच्या आसपासचे किरण शोषून घेतो. खनिजाच्या पातळ चकतीतून किरण सोडायचे आणि त्यातले किती गायब झाले ते पाहायचं. जितकं शोषण जास्त, तितकं पाणी जास्त. चकतीची जाडी आणि त्या खनिजाची शोषणक्षमता माहीत असेल, तर नेमका आकडा निघतो.

मग अडचण कुठे?

हाच बंध हायड्रॉक्सिलमध्येही असतो, आणि हायड्रॉक्सिल म्हणजे पाणी नव्हे. २००९ मध्ये चांद्रयान-१ वरच्या नासाच्या उपकरणाला चंद्रावर ही खूण दिसली, पण ती नक्की कशाची, हे ठरेना. ६ मायक्रॉनजवळची खूण मात्र फक्त पाण्याच्या रेणूची. २०२० मध्ये 'सोफिया' या उडत्या दुर्बिणीच्या निरीक्षणांतून तीच सापडल्याचं जाहीर झालं. प्रमाण किती? एक घनमीटर मातीत जेमतेम ३५० मिलीलीटर. म्हणजे आपलं स्टिल्बाइट चंद्राच्या मातीपेक्षा कितीतरी 'ओलं'!